धुपाचं झाड नेमकं कुठलं? धोफार, मुंबई आणि भाऊ दाजींच्या नावाचं एक झुडूप

मागच्या काही भागांत आपण किल्ले केले, तह केले, एक-दोन खून केले. आज एका झुडपाचा इतिहास. लगेच स्किप करू नका, कारण या गोष्टीत रोमचा खजिना आहे, उडणारे साप आहेत, राणीचा बाग आहे आणि आपले डॉ. भाऊ दाजी लाडही आहेत. ते इथे कसे काय, हे कळायला थोडा वेळ लागेल.

झाड आहे ओमानचं. ओमान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वाळू, उंट आणि मस्कतला असलेला कोणीतरी नातेवाईक येतो. पण हा देश झाडांच्या बाबतीत अगदीच कोरडा नाही. तिथल्या रेताडात ग़ाफ नावाचं झाड उभं असतं, ते म्हणजे आपली शमी. जात तीच, फरक नाही. छत्रीसारखी पसरलेली समुर ही बाभळीची बहीण. आणि दक्षिणेच्या डोंगरात अडेनियम जंगली उगवतं, तेच जे आपण बाल्कनीतल्या कुंडीत 'डेझर्ट रोज' म्हणून लावतो आणि पाणी जास्त घालून मारतो. या सगळ्यांत जगाचा इतिहास हलवणारं झाड मात्र एकच, आणि ते दिसायला सगळ्यात केविलवाणं. माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीचं, बहुतेकदा बुंध्यापासूनच फाटे फुटलेलं, त्यामुळे झाड म्हणावं की झुडूप असा प्रश्न पडावा. साल कागदासारखी सुटत असते. पानं चुरगळल्यासारखी, फांद्यांच्या टोकांशी गोळा झालेली. वर्षातला बराच काळ तीही नसतात. नाव बोसवेलिया सॅक्रा. अरबीत त्याच्या डिंकाला म्हणतात लुबान.

लुबान शब्द ओळखीचा वाटला ना? लोबान. पण इथेच पहिली गडबड आहे. आपल्याकडे दुकानात लोबान म्हणून जे मिळतं ते बहुतेकदा वेगळ्याच झाडाचं, सुमात्रा-जावाकडच्या झाडाचं राळेसारखं द्रव्य असतं. अरब व्यापारी त्याला 'लुबान जावी' म्हणायचे, म्हणजे जावाचा लुबान. युरोपियनांनी त्या दोन शब्दांची पुढची 'लु' खाऊन टाकली आणि त्याचं केलं बेंझोइन. केमिस्ट्रीत आपण जे बेंझिन शिकलो त्याचं नावही त्याच शब्दातून आलं. म्हणजे नावच उधार, वस्तू वेगळी, आणि तरी शतकानुशतकं सगळं एकाच धुरात मिसळलेलं. ऊद, धूप, लोबान, कुंदुरु, विसेस. आपल्या किराणा बाजारातल्या या नावांपैकी कुठलं नाव कुठल्या झाडाचं, हे ठामपणे सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

आजचा मुद्दा हाच. एखादी वस्तू दोन-अडीच हजार वर्षं जगभर जाते, देवळांत, चर्चमध्ये, प्रेतांपुढे जळते, सोन्याच्या बरोबरीने राजांना नजर केली जाते, आणि ती कुठल्या झाडातून येते हे जवळजवळ कोणालाच माहीत नसतं. माहीत असतं ते फक्त काढणाऱ्याला. आणि त्याला कोणी विचारत नाही.

हिरोडोटसपासून सुरुवात करू, इसवी सनापूर्वीचं पाचवं शतक. तो सांगतो की अरबस्तानातल्या या झाडांवर छोटे, रंगीबेरंगी, पंख असलेले साप पहारा देतात आणि दुसऱ्या एका डिंकाचा धूर करूनच त्यांना हाकलता येतं. आपल्याला हसू येतं, पण मला तरी ही गोष्ट भाबडी वाटत नाही, धंद्याची वाटते. माल कुठून येतो हे गिऱ्हाइकाला कळू नये यासाठी याहून चांगली सोय काय? त्यानंतर शे-दीडशे वर्षांनी थिओफ्रास्टस, ज्याला वनस्पतिशास्त्राचा बाप म्हणतात, तो प्रामाणिकपणे तीन वेगवेगळी वर्णनं देतो. कोणी म्हणतं पान नासपतीसारखं, कोणी म्हणतं मस्तकीच्या झाडासारखं, कोणी म्हणतं लॉरेलसारखं. आणि पहिल्या शतकात प्लिनी सरळ लिहितो की आमच्या फौजा अरबस्तानात जाऊन आल्या, तरी हे झाड दिसतं कसं हे एकाही लॅटिन लेखकाने लिहून ठेवलेलं नाही.

झाड माहीत नाही, पण भाव पक्का माहीत! तोच प्लिनी हिशोब मांडतो: भारत, चीन आणि अरबस्तान मिळून रोमचे दर वर्षी १० कोटी सेस्टर्स ओढून नेतात. उंटावरून गाझाला पोचेपर्यंत ६५ मुक्काम, आणि प्रत्येक मुक्कामाला काही ना काही द्यायचं: पाणी, चारा, पुजारी, राजाचे कारकून, पहारेकरी. अलेक्झांड्रियात जिथे हा डिंक निवडला जायचा तिथल्या कामगारांच्या डोक्यावर जाळी बांधायचे, लंगोटाला सील ठोकायचे आणि घरी जाताना नागवं करून तपासायचे. प्लिनीच्या मते झाडांवर पिढीजात हक्क असलेली ३,००० कुटुंबं होती, आणि चीक काढण्याच्या दिवसांत त्यांना सोवळं पाळावं लागायचं.

याच काळातल्या एका ग्रीक खलाशाची प्रवासवही आपल्याकडे आहे, पेरिप्लस. लेखकाचं नाव माहीत नाही, पण माणूस स्वतः फिरलेला होता, हे वाचताना जाणवतं. तो साप वगैरे सांगत नाही. तो सांगतो की लुबानचा तो मुलूख डोंगराळ आहे, धुक्याने भरलेला, हवा रोगट, आणि चीक गोळा करायला राजाचे गुलाम आणि शिक्षा झालेले कैदी पाठवतात. किनाऱ्याने नुसतं जाणारेही आजारी पडतात, आणि काम करणारे तर मरतातच, काही रोगाने आणि काही उपासमारीने. पुढे मोस्खा नावाचं बंदर येतं. तिथे बारिगाझा म्हणजे आपलं भरूच, आणि मलबारकडची गलबतं उशीर झाला की हंगामभर थांबतात आणि कापड, गहू, तिळाचं तेल देऊन लुबान घेतात. माल उघड्यावर ढिगाने पडलेला असतो, पहारा नाही, पण राजाच्या परवानगीशिवाय एक कणही जहाजावर चढत नाही.

हे मोस्खा म्हणजे ओमानच्या धोफार प्रांतातलं खोर रोरी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तिथे समहुराम नावाच्या तटबंदीच्या गावाचे अवशेष आहेत. १९५० च्या दशकात वेंडेल फिलिप्सच्या अमेरिकन पथकाने तिथे खणलं तेव्हा कांस्याची एक छोटी भारतीय स्त्रीमूर्ती निघाली, शालभंजिकेच्या धर्तीची. नंतर इटालियन पथकाला एका खापरावर तमिळ-ब्राह्मी अक्षरांत कोरलेलं माणसाचं नाव मिळालं. पेरिप्लसवाल्याने उगाच नाही लिहिलं. २००० साली युनेस्कोने खोर रोरी, अल-बलीद, शिस्र आणि वादी दौकातलं झाडांचं रान, अशा चार जागा मिळून जागतिक वारसा जाहीर केला. वादी दौका सलालाहच्या उत्तरेला सुमारे ४० किलोमीटरवर आहे.

आता धुकं. वाळवंटात धुकं कसं काय? तर हे माझ्या सगळ्यात आवडीचं प्रकरण. जून उजाडला की नैर्ऋत्य मोसमी वारे कोकणावर येऊन आदळतात हे आपण शाळेत शिकतो. ते वाटेत अरबस्तानच्या दक्षिण कोपऱ्यालाही घासून जातात, हे कोणी शिकवत नाही. धोफारचे डोंगर समुद्राला पाठ न दाखवता उभे आहेत, त्यामुळे जून ते सप्टेंबर तिथे ढग अडकतात, झिमझिम पडते, आणि डोंगराची समुद्राकडची बाजू हिरवीगार होते. गाई चरतात! आखाती देशांतली माणसं उन्हाळ्यात तिथे पाऊस बघायला गर्दी करतात. या ऋतूला तिथे म्हणतात ख़रीफ. आपला खरीप. शब्द एकच, अरबीतून फारसीमार्गे आपल्या सातबाऱ्यापर्यंत आलेला.

पण लुबानचं झाड त्या हिरव्या बाजूला मनापासून राहत नाही. त्याला हवी डोंगराची पाठ. जिथे पाऊस पोचत नाही, पण ओलसर थंड वारा खिंडीतून निसटून येतो. चुनखडीचा खडक, वाद्यांचे कोरडे पात्र, माती जवळजवळ नाही. काही झाडं तर थेट दगडाला चिकटलेली असतात, बुंध्याखाली थाळीसारखा फुगवटा करून त्याने खडक धरून ठेवतात. याच्या मागे अजून उत्तरेला गेलं की रुब अल खाली, म्हणजे खरोखरचं काही नसलेलं वाळवंट. मावळ आणि माण यांच्यात जो फरक आहे तोच, पण पन्नासएक किलोमीटरच्या आत आणि दहापट तीव्र. त्यामुळे हे झाड जगात फार कमी ठिकाणी उगवतं: धोफार, शेजारचा येमेन, आणि समुद्रापलीकडे सोमालियाचा उत्तर किनारा.

चीक काढायची पद्धत साधी आहे. उन्हाळ्यात, ख़रीफच्या आधी, मनक़फ नावाच्या बोथट पात्याने सालीचा नखाएवढा तुकडा खरवडतात. दुधासारखा पांढरा थेंब बाहेर येतो. झाडाच्या दृष्टीने हे जखमेवरचं मलम, किडा आणि बुरशी आत येऊ नये म्हणून. पहिल्या वेळचा चीक हलका मानतात. दोन-तीन आठवड्यांनी तीच जखम परत उघडायची, आणि खरा माल तिथून पुढे. सुकलेले थेंब वेचतात, निवडतात. सगळ्यात वरचा होजरी, हिरवट झाक असलेला, जवळजवळ पारदर्शक. मग नजदी, शज़री, शाबी. मी एका प्रोजेक्टसाठी काही महिने मस्कतला होतो तेव्हा मत्रहच्या बाजारात एका दुकानदाराने पिशव्या उघडून हे सगळे प्रकार माझ्यापुढे मांडले होते. त्याची हिंदी माझ्यापेक्षा बरी होती. मी विचारलं, फरक कशाने पडतो? तो म्हणाला, डोंगराने. एकाच जातीचं झाड, पण कुठल्या घळीत उगवलं यावर भाव.

आता मुंबईकडे येऊ. कारण एकोणिसाव्या शतकात या झाडाचं कोडं सुटलं ते मुंबईत, आणि आधी बिघडलंही होतं ते काही अंशी मुंबईमुळेच.

झालं असं की धोफार आणि सोमाली किनाऱ्यावरचा लुबान गलबतांतून मुंबईत यायचा. इथे निवडला जायचा, प्रत लावली जायची आणि मग युरोपला, चीनला रवाना. लंडनच्या व्यापाऱ्याच्या वहीत नोंद काय? मुंबईहून आला. म्हणून तो 'ईस्ट इंडिया'चा माल. नेटवर्कवाल्यांना हे लगेच कळेल: तुम्हाला लॉगमध्ये जो पत्ता दिसतो तो शेवटच्या प्रॉक्सीचा असतो, मूळ मशीनचा नाही. युरोपात आधीच गोंधळ होता, लिनियसच्या काळात तर हे जुनिपरच्या जातीचं काहीतरी असावं असं समजलं जायचं. त्यात १८०७ साली कलकत्त्यात हेन्री कोलब्रुकने निबंध लिहिला. कोलब्रुक संस्कृतचा मोठा पंडित. त्याचा तर्क असा: अरबी-फारसीत या डिंकाला म्हणतात कुंदुर, संस्कृत कोशांत आहे कुंदुरु, आणि कुंदुरु-शल्लकी म्हणजे भारतातलं सालईचं झाड. म्हणजे प्राचीन जगाचा धूप भारतातल्या सालईचा!

सालई आपल्या ओळखीची. मेळघाटात, सातपुड्यात, विदर्भातल्या कोरड्या टेकड्यांवर बघाल तिथे आहे. संस्कृतात तिचं एक नाव गजभक्ष्या, हत्तीला आवडणारी. तिच्या डिंकाला वास छान आहे, आणि आज सांधेदुखीच्या गोळ्यांवर शल्लकी म्हणून जे लिहिलेलं असतं ते हेच. तिच्याच लाकडाचा लगदा करून नेपानगरच्या गिरणीत वर्तमानपत्राचा कागद बनायचा. कलकत्त्याच्या बागेचा प्रमुख विल्यम रॉक्सबर्गने हिला शास्त्रीय नाव दिलं बोसवेलिया सेराटा, एडिंबराच्या जॉन बोसवेल नावाच्या डॉक्टरवरून. म्हणजे धोफारचं झाड, सोमालियाचं झाड, आपली सालई, या सगळ्या कुळाला नाव एका स्कॉटिश माणसाचं, ज्याचा या झाडांशी तसा काही संबंध नव्हता.

कोलब्रुक चुकला, पण वेड्यासारखा नाही. सालई आणि लुबान खरंच सख्ख्या चुलत बहिणी. शब्दाचा धागा पण खरा असावा. फक्त रोममध्ये, जेरुसलेममध्ये जळलेला माल सालईचा नव्हता. दोन भाषांतल्या शब्दकोशांवरून झाड ओळखायला गेलं की असं होतं. त्याला रानात जाऊन बघायला हवं होतं.

ते बघितलं एका जहाजावरच्या डॉक्टरने. 'पॅलिन्युरस' नावाचं सर्वेक्षणाचं जहाज १८४४ ते १८४६ अरबस्तानच्या आग्नेय किनाऱ्याचे नकाशे करत फिरत होतं. त्यावर मुंबई सेवेतला सर्जन होता हेन्री जॉन कार्टर. किनाऱ्यावर उतरायची संधी मिळाली की हा दगड, शंख, झाडं गोळा करायचा. धोफारच्या किनाऱ्यावर त्याने लुबानचं झाड स्वतः पाहिलं, त्याचं वर्णन आणि चित्र केलं, आणि ते छापलं रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात. म्हणजे टाउन हॉलच्या पायऱ्या चढून आपण ज्या एशियाटिकमध्ये जातो, तिच्याच. थिओफ्रास्टसपासून लटकलेल्या प्रश्नाला पहिलं नीट उत्तर मिळालं ते तिथल्या एका अंकात, आणि फार थोड्या लोकांनी वाचलं. कार्टर पुढे समुद्री स्पंजांचा अभ्यासक म्हणून नावाजला.

आणि आता जॉर्ज बर्डवुड. जन्म बेळगावचा, १८३२ चा. शिक्षण विलायतेत, मग परत येऊन ग्रँट मेडिकल कॉलेजात प्राध्यापक. मुंबईचं सरकारी म्युझियम उभं करणाऱ्यांत तो, आणि त्याच्याबरोबर भाऊ दाजी, नाना शंकरशेट. शेजारीच १८६२ साली व्हिक्टोरिया गार्डन सुरू झालं, आपला राणीचा बाग. हा माणूस सरळ नाही हे आधीच सांगतो. भारतीय कारागिरीवर त्याचं निस्सीम प्रेम होतं, आणि १९१० साली लंडनमध्ये त्यानेच बुद्धाच्या एका मूर्तीची तुलना चरबी घालून उकडलेल्या पुडिंगशी केली आणि भारतात 'ललित कला' नाहीच असं म्हणून वादळ ओढवून घेतलं. दोन्ही एकाच माणसाची मतं.

तर बर्डवुडने काय केलं? एडनमधला इंग्रज अधिकारी प्लेफेअर याच्याकरवी सोमाली किनाऱ्यावरच्या लुबानच्या झाडांच्या फांद्या मागवल्या आणि राणीच्या बागेत लावल्या. वाळवंटी डोंगरातलं झाड, भायखळ्याच्या पावसात! पण जगली. पानं, फुलं बघून, ताडून, त्याने इंग्लंडला परतल्यावर १८७० साली लिनियन सोसायटीच्या अंकात बोसवेलिया कुळावर मोठा निबंध छापला. त्यात तीन नव्या जाती जाहीर केल्या. एक बोसवेलिया कार्टेराय, धोफारचं झाड पाहणाऱ्या कार्टरच्या नावाने. दुसरी बोसवेलिया फ्रेरियाना, मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रेअर याच्या नावाने.

आणि तिसरी बोसवेलिया भाऊ-दाजियाना.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं स्कॅन करताना काही घोळ झाला असेल. पण नाही. डॉ. भाऊ दाजी लाड. गोव्यातल्या मांद्र्याच्या घराण्यातला मुलगा, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचा डॉक्टर, शिलालेख वाचणारा, महारोगावर देशी औषधाचे प्रयोग करणारा, नंतर मुंबईचा शेरीफ. त्याचं नाव एका सोमाली झुडपाला. गव्हर्नरच्या नावाशेजारी, एकाच निबंधात. १८७० साली ही साधी गोष्ट नव्हती. भायखळ्याच्या त्या म्युझियमला त्याचं नाव मिळायला १९७५ साल उजाडावं लागलं, त्याच्या एक शतकभर आधी झाडाला मिळालेलं होतं.

पण इथे माझं थोडं अडतं, आणि ते सांगतो. ज्यांच्या डोंगरातून फांद्या आल्या त्या सोमाली माणसांकडे या झाडांना नावं होतीच. त्यांच्यात 'मोहर मदो' आणि 'मोहर अद' असे दोन प्रकार, म्हणजे काळं मोहर आणि पांढरं मोहर. (आपल्या आंब्याच्या मोहोराशी संबंध नाही, योगायोग आहे.) काळं झालं कार्टरचं, पांढरं झालं भाऊ दाजींचं. फ्रेअरच्या वाट्याला आलं त्यालाही त्यांचं वेगळं नाव होतं, यगार, आणि त्याचा डिंक अजूनही मैदी म्हणून विकला जातो. म्हणजे जातींमधला फरक बर्डवुडने शोधला नाही, तो रानात राहणाऱ्यांना आधीच दिसत होता. त्याने लॅटिन पाटी लावली. फांद्या तोडून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्याचं नाव कुठेच नाही. धोफारमध्ये कार्टरला झाडापर्यंत कोणीतरी नेलं असणारच. त्याचंही नाही. पेरिप्लसमधल्या कैद्यांपासून चालत आलेली ही रीत आहे.

मग आज ते भाऊ-दाजियाना कुठे आहे? नावांच्या शास्त्रात एक कडक नियम आहे: जे आधी छापलं ते टिकतं. गिटवाल्यांच्या भाषेत, पहिला कमिट जिंकतो. फ्ल्युकिगर नावाच्या स्विस औषधतज्ज्ञाने कार्टरच्या वर्णनावरून १८६७ सालीच धोफारच्या झाडाला नाव देऊन टाकलं होतं, बोसवेलिया सॅक्रा, पवित्र बोसवेलिया. बर्डवुडच्या तीन वर्षं आधी. जोपर्यंत ओमानचं झाड वेगळं आणि सोमालियाची वेगळी असं मानलं जात होतं, तोपर्यंत सगळी नावं आपापल्या जागी होती. पण १९८७ साली थुलिन आणि वारफा या दोघांनी सोमाली आणि अरबी झाडं तपासून म्हटलं की ही एकच जात आहे. झालं. कार्टेराय आणि भाऊ-दाजियाना दोन्ही सॅक्रामध्ये विलीन. फ्रेरियाना मात्र खरंच वेगळी निघाली, त्यामुळे गव्हर्नरसाहेब अजून टिकून आहेत. याला काय म्हणायचं!

वाद संपलेला नाही. २०१२ साली काही रसायनतज्ज्ञांनी दोन्हीकडच्या तेलांची तुलना करून कार्टेराय वेगळीच धरावी असं मांडलं, आणि व्यापारात तर ते नाव कधी गेलंच नाही. कार्टर परत येऊ शकेल. भाऊ दाजींसाठी मात्र कोणी भांडताना दिसत नाही. वनस्पतींच्या कुठल्याही मोठ्या डेटाबेसमध्ये हे नाव टाकलं की पुढे 'समानार्थी' एवढाच शेरा येतो. मराठीत भाऊ दाजींवर इतकं लिहिलं गेलंय, पण माझ्या वाचनात त्यात हे झुडूप कुठे आलं नाही.

आणि खुद्द झाड? विसाव्या शतकात तेल निघालं, पगारी नोकऱ्या आल्या, आणि धोफारमध्ये १९६० च्या दशकाच्या मध्यापासून दहाएक वर्षं त्याच डोंगरांत बंडाचं युद्ध चाललं. चीक काढायचं काम मागे पडलं. जगाला लुबान लागायचा कमी झाला होता तेव्हा हे खपून गेलं. मग सुगंधी तेलांची, अत्तरांची नवी लाट आली. १९८३ साली ओमानच्या राजघराण्याच्या पुढाकाराने 'अमुआज' ही अत्तरांची कंपनी निघाली, ती याच वासावर उभी. मागणी वाढली की सालीवरच्या जखमा वाढतात. इथिओपिया-सुदानकडे लुबानची जी तिसरी जात आहे, तिच्यावरच्या अभ्यासात असं दिसलं की सतत खरवडलेल्या झाडांचं बी नीट रुजत नाही, कारण अन्न सगळं मलम बनवण्यात जातं. रोपं आली तर बकऱ्या खातात, आगी लागतात. २०१९ साली याच जातीवर मोठा अभ्यास आला. त्याचा अंदाज, पुढच्या वीसेक वर्षांत उत्पादन निम्म्यावर येईल. म्हातारी झाडं उभी आहेत आणि मागे तरुण झाडं नाहीत. बाहेरून बघणाऱ्याला रान भरलेलं दिसतं.

धोफारची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे उंट वाढले, रस्ते आणि खाणी वाढल्या. आणि ज्या कुटुंबांना कुठल्या झाडाला किती जखमा द्यायच्या, कुठल्या वर्षी त्याला मोकळं सोडायचं हे माहीत होतं, त्यांची पोरं आता सलालाहच्या ऑफिसांत आहेत. काम बाहेरून आलेले मजूर करतात. त्यांना दिवसाच्या वजनावर पैसे. त्यांना दोष देऊन काय होणार? वादी दौकात सरकारने कुंपण घालून झाडं राखली आहेत, नवी लावली आहेत. रांगेत लावलेली, नळीने पाणी दिलेली झाडं. फोटो चांगले येतात. पण तिथल्या एका ओळखीच्याने मला सांगितलं की म्हातारे लोक अजूनही घळीतल्या, दगड धरून उभ्या असलेल्या झाडाचाच माल मागतात.

एक छोटी गंमत सांगून थांबतो. तुमच्या देवघरात किंवा किराणा दुकानात लोबान म्हणून जो खडा असेल तो लुबान आहे की जावाकडचा, हे घरी बघता येतं. खडा बारीक कुटा आणि चमच्याभर पाण्यात बोटाने घोटा. जावाकडचा असेल तर वाळूसारखा तळाशी बसेल. खरा लुबान किंवा सालईचा डिंक असेल तर पाणी हळूहळू पांढरं होत जाईल, दुधासारखं. सेमिटिक भाषांत ल-ब-न या धातूचा अर्थच तो, पांढरं, दूध. तुमचा कुठला निघाला ते कमेंटमध्ये लिहा, दुकान कुठल्या गावातलं तेही लिहा. पुढच्या भागात येमेनच्या कॉफीबद्दल, तिथेही एक बंदर आहे आणि तिथेही मालाला बंदराचंच नाव पडलं.